उघडणारे आणि शोधणारे : एका क्रियापदाची गोष्ट

इंग्लंडमध्ये १६११ साली बायबलचे एक भाषांतर प्रसिद्ध झाले. राजा पहिला जेम्स याच्या आज्ञेवरून ते तयार झाले, म्हणून ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. त्यातील नीतिसूत्रांच्या भागात शेजाऱ्याशी भांडण झाले तर कसे वागावे, याविषयी एक उपदेश आहे. भांडण शेजाऱ्याशीच बोलून मिटवावे आणि गुपित दुसऱ्या कोणाला ‘डिस्कव्हर’ करू नये, असा त्याचा आशय. आज शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला हे वाक्य दिले तर तो नक्की अडखळेल. ‘डिस्कव्हर’ म्हणजे शोध लावणे, हे त्याने पाठ केलेले असते. मग गुपिताचा शोध ‘दुसऱ्याला’ कसा लावायचा?

चूक त्या मुलाची नाही. चारशे वर्षांपूर्वी या क्रियापदाचा रोजच्या वापरातला अर्थ वेगळा होता. ‘डिस्कव्हर’ करणे म्हणजे उघड करणे, सांगून टाकणे, आपल्या मराठीत गुपित फोडणे. ज्याला माहीत आहे त्याने, ज्याला माहीत नाही त्याच्यापुढे झाकण काढायचे. आज अर्थ नेमका उलटा झाला आहे. ज्याला माहीत नाही तो हिंडतो आणि जे सापडेल ते ‘डिस्कव्हर’ करतो. शब्दांचे अर्थ बदलतात, त्यात नवल नाही. परंतु या शब्दाने जणू बाजूच बदलली. आधी तो सांगणाऱ्याचा होता, नंतर शोधणाऱ्याचा झाला. हा बदल केवळ कोशकारांच्या कुतूहलाचा विषय राहिला नाही. त्याच्या आधाराने माणसांच्या जमिनी गेल्या आणि काहींची नावे इतिहासातून पुसली गेली. ती गोष्ट आज सांगायची आहे.

प्रथम शब्दाची घडण पाहू. ‘कव्हर’ म्हणजे झाकण, हे आपल्या सर्वांना वह्यांच्या कव्हरांमुळे माहीत आहे. त्याच्या आधी ‘डिस’ लागला की झाकण काढणे असा अर्थ होतो. हा शब्द लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये आणि तिथून १३०० सालाच्या सुमारास इंग्रजीत आला. इंग्रजीत उघड करण्याच्या अर्थाची क्रियापदे पुष्कळ आहेत आणि त्यांची मुळे पाहिली तर प्रत्येकात एकेक चित्र दडलेले दिसते. ‘रिव्हील’ या शब्दात पडदा किंवा बुरखा आहे. तो सारला की आतले दिसते. म्हणूनच ईश्वरी साक्षात्काराला ‘रिव्हिलेशन’ म्हणतात. ‘डिस्क्लोज’मध्ये बंद केलेली वस्तू उघडणे आहे. एके काळी अंड्यातून पिल्लू बाहेर येण्यालाही हाच शब्द वापरत. ‘डायव्हल्ज’मध्ये तर चक्क गर्दी आहे. लॅटिनमध्ये ‘व्हल्गस’ म्हणजे सामान्य लोक. मोजक्यांकडे असलेली गोष्ट त्या लोकांमध्ये पसरवणे म्हणजे ‘डायव्हल्ज’ करणे. ‘व्हल्गर’ हा शब्दही त्याच घराण्यातला. सामान्य माणसांसाठीचा शब्द पुढे असभ्य या अर्थाने का वापरला गेला, हा एका वेगळ्या भाषणाचा विषय होईल.

या भावंडांत ‘डिस्कव्हर’ कित्येक शतके सुखाने नांदत होता. शेक्सपिअरच्या ‘मच ॲडो अबाउट नथिंग’ या नाटकात एक नोकर बागेतले बोलणे चोरून ऐकतो आणि राजपुत्राने आपले प्रेम आपल्या मित्रापाशी ‘डिस्कव्हर’ केले, अशी बातमी घरात येते. म्हणजे राजपुत्राने मन मोकळे केले. ‘द टेम्पेस्ट’ या नाटकाच्या शेवटी रंगसूचना आहे, की प्रॉस्परो फर्डिनांड आणि मिरांडा यांना बुद्धिबळ खेळताना ‘डिस्कव्हर’ करतो. आजचा वाचक समजेल, की त्याला ते दोघे अचानक सापडले. प्रत्यक्षात प्रॉस्परोला सारे आधीच ठाऊक आहे. तो पडदा बाजूला करून ते इतरांना दाखवतो. इंग्रजी नाटकांच्या संहितांत पडदा उघडताना जे पात्र आधीच रंगमंचावर असेल, त्याच्यासाठी हाच शब्द पुढेही वापरला जात राहिला.

आणि बुद्धिबळाचेच म्हणाल तर तिथे हा जुना अर्थ आजही जिवंत आहे. मधले मोहरे बाजूला सरकते आणि मागे दबा धरून बसलेल्या उंटाचा किंवा हत्तीचा शह राजावर उघडा पडतो. त्याला इंग्रजीत ‘डिस्कव्हर्ड चेक’ म्हणतात. उंट आधीपासून तिथेच होता. त्याच्यावरचे झाकण तेवढे निघाले.

जुना अर्थ टिकून राहिलेली दुसरी जागा म्हणजे न्यायालय. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेचा, म्हणजे १९०८ च्या कायद्याचा, अकरावा आदेश ‘डिस्कव्हरी’ आणि तपासणी यांविषयी आहे. दाव्यातील एका पक्षाकडे असलेली कागदपत्रे आणि माहिती दुसऱ्या पक्षापुढे शपथेवर उघड करायला लावण्याची ही प्रक्रिया. नवखा अशील वकिलाच्या तोंडून ‘डिस्कव्हरी’ ऐकतो आणि कोणी गुप्तहेर कामाला लागणार आहे असे समजतो. प्रत्यक्षात शोध घेण्याचा प्रश्नच नसतो. ज्याच्या कपाटात कागद आहे त्यानेच तो बाहेर काढायचा असतो. ही रीत इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयातून आपल्याकडे आली. खुद्द इंग्लंडने मात्र १९९९ मध्ये दिवाणी प्रक्रियेचे नियम नव्याने लिहिताना हा शब्द काढला आणि त्या जागी ‘डिस्क्लोजर’ घातला. कायद्याची भाषा साध्या माणसाला कळावी, हा त्या सुधारणांमागचा एक हेतू होता. अमेरिकेत मात्र अजूनही ‘डिस्कव्हरी’च चालते.

हा फरक लहान नाही. जुन्या अर्थात कर्तव्य जाणणाऱ्याचे असते. आपल्याकडे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने हेच तत्त्व सरकारी कार्यालयांना लावले. नागरिकाने अर्ज करण्याची वाट न पाहता कार्यालयाने आपली रचना, अधिकार, नियम, खर्च यांची माहिती आपणहून प्रसिद्ध करायची आहे. तसे झाले नाही की काय होते, ते आपण अनुभवतो. माहिती असणारा गप्प बसतो आणि ती हवी असणारा चपला झिजवतो. उघड करणे संपले की शोधणे सुरू होते.

अर्थात जुना अर्थ नेहमी सद्गुणीच होता असे समजायचे कारण नाही. अठराव्या शतकातल्या आयर्लंडकडे पाहा. तिथे इंग्रजी सत्तेने कॅथलिक प्रजेवर निर्बंध लादणारे कायदे केले. त्यांतील १७०४ च्या कायद्यानुसार कॅथलिकांना जमीन विकत घ्यायला किंवा दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने धरायला बंदी झाली. पुढे १७०९ मध्ये त्याला आणखी एक काटा जोडला गेला. एखाद्या कॅथलिकाने नियम मोडून जमीन मिळवली आहे, हे ज्या प्रॉटेस्टंट माणसाने न्यायालयात उघड करावे, त्याने ती जमीन स्वतःसाठी मागावी. अशा माणसाला नाव होते ‘डिस्कव्हरर’. म्हणजे खबऱ्या, चहाडखोर. शेजाऱ्याचे बिंग फोडा आणि त्याचे शेत घ्या, असा तो सरळ व्यवहार होता. पण माणसे कायद्याहून चतुर निघतात. काही कॅथलिक कुटुंबांनी विश्वासातल्या प्रॉटेस्टंट मित्रांनाच पुढे करून आपल्याविरुद्ध दावा लावायला सांगितला. मित्राने ‘डिस्कव्हर’ करायचे, जमीन कागदावर त्याच्या नावे व्हायची आणि वहिवाट मूळ मालकाकडेच राहायची. परकी माणसे येण्याआधी आपल्याच माणसाने झाकण काढले, इतकेच!

आता या शब्दाने बाजू कधी बदलली ते पाहू. सोळाव्या शतकात इंग्रजीमध्ये ‘आधी अज्ञात असलेली गोष्ट प्रथम पाहणे’ या अर्थाने तो रुळू लागला. काळ लक्षात घ्या. युरोपची गलबते दूरदूरच्या समुद्रांवर जाऊ लागली होती. पोर्तुगीज भाषेत याच घडणीचे ‘डेस्कोब्रीर’ हे क्रियापद आहे, स्पॅनिशमध्ये ‘डेस्कुब्रीर’. जर्मन लोकांनीही झाकण काढणे या कल्पनेवरूनच आपला शब्द बनवला. जणू पृथ्वीवर एक चादर होती आणि खलाशांनी ती एका टोकाने उचलली. चादरीखाली राहणाऱ्या माणसांना मात्र आपण झाकलेले आहोत, याची कल्पना नव्हती.

वास्को द गामाचे उदाहरण आपल्या किनाऱ्याच्या जवळचे आहे. त्याने ‘भारताचा सागरी मार्ग शोधला’ हे आपणही शाळेत घोकले. आफ्रिकेला वळसा घालून युरोपातून इथवर सलग जलप्रवास करणे, हा मोठा पराक्रम होता यात शंका नाही. पण त्या प्रवासाचा शेवटचा टप्पा पाहा. १४९८ च्या एप्रिल महिन्यात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मालिंदी इथे त्याला एक वाटाड्या मिळाला. मोसमी वाऱ्यांची दिशा त्या वाटाड्याला ठाऊक होती. महिन्याच्या आत गलबते कालिकतजवळ पोचली. वाटाड्या नेमका कोण होता यावर इतिहासकार अजून वाद घालतात. ‘शोध’ लावणाऱ्याचे नाव जगाला पाठ आहे आणि रस्ता माहीत असणाऱ्याचे नाव वादात आहे!

पुढची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. गामाने कालिकतच्या किनाऱ्यावर पहिला माणूस उतरवला. त्याच्या ताफ्यातील कोणी लिहिलेल्या रोजनिशीनुसार, तिथे त्या माणसाची गाठ ट्यूनिसहून आलेल्या दोन मुसलमान व्यापाऱ्यांशी घालून दिली गेली. त्या दोघांना स्पेनमधली कॅस्टिलियन आणि इटलीतली जिनोआची बोली, दोन्ही येत होत्या. इतका समुद्र ओलांडून ‘अज्ञात’ देशात पाऊल ठेवावे आणि समोरच्याने आपल्या शेजारच्या देशाच्या भाषेत विचारपूस करावी! जग एकमेकांना आधीपासून ओळखत होते. नवी होती ती वाट, देश नव्हे. तरीही लिस्बनमध्ये १९६० साली उभ्या राहिलेल्या भव्य दगडी स्मारकाचे नाव ‘शोधांचे स्मारक’ असेच आहे.

कोलंबसाच्या बाबतीत तर हे क्रियापद थेट कायदा झाले. १२ ऑक्टोबर १४९२ रोजी तो आजच्या बहामाजमधील एका बेटावर उतरला. तिथले लोक त्या बेटाला गुआनाहानी म्हणत. त्याने त्याचे नाव सान साल्वादोर ठेवले. पुढच्याच वर्षी पोप सहावा अलेक्झांडर याने आज्ञापत्र काढून नव्याने सापडलेल्या आणि सापडणाऱ्या भूमींवर स्पेनच्या राजाराणींचा हक्क सांगितला. या आणि अशा आज्ञापत्रांतून ‘शोधाचा सिद्धांत’ नावाची एक विचारसरणी आकाराला आली. ख्रिस्ती राजाच्या माणसांनी जी भूमी प्रथम ‘डिस्कव्हर’ केली, ती त्या राजाची.

हे सारे मध्ययुगीन खूळ म्हणून सोडून देता आले असते. पण १८२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश हा खटला आला. एका पक्षाने आपला हक्क मूळ रहिवासी टोळ्यांकडून केलेल्या खरेदीवरून सांगितला होता, दुसऱ्याने अमेरिकी सरकारकडून मिळालेल्या जमिनीवरून. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला, की युरोपीय राष्ट्राने शोध लावल्यामुळे जमिनीची अंतिम मालकी त्या राष्ट्राकडे गेली आणि त्याचा वारसा अमेरिकेला मिळाला. मूळ रहिवाशांकडे उरला तो फक्त वहिवाटीचा हक्क. ती जमीन त्यांना हव्या त्या माणसाला विकता येणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्या जमिनीवर राहणारे लोक एका क्रियापदामुळे मालकाचे कूळ झाले. आपल्याकडच्या कूळकायद्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. या सिद्धांताचा उल्लेख त्या न्यायालयाच्या २००५ च्या एका निकालातही आला. व्हॅटिकनने तो जाहीरपणे नाकारला, तो ३० मार्च २०२३ रोजी. मधे पाच शतके गेली.

कोणी म्हणेल, शब्दाला एवढा दोष कशाला? जमिनी बंदुकांनी घेतल्या, व्याकरणाने नव्हे. खरे आहे. पण घेतलेली वस्तू आपलीच होती असे पुढच्या पिढीला पटवण्याचे काम बंदूक करत नाही, ते भाषा करते. जुन्या वाक्यात दोन माणसे लागत: एक सांगणारा, एक ऐकणारा. नव्या वाक्यात एकच उरला. ‘स्पीकने व्हिक्टोरिया सरोवराचा शोध लावला’ या वाक्यात बघा, दुसऱ्या कोणाला जागाच नाही.

आणि तिथे दुसरा माणूस होता. जॉन स्पीक १८५८ मध्ये त्या सरोवरापाशी पोचला तेव्हा त्याच्याबरोबर सिदी मुबारक बाँबे नावाचा एक आफ्रिकी सहायक होता. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस कित्येक वर्षे हिंदुस्थानात राहिला. मालकाच्या मृत्यूनंतर मोकळा होऊन तो आफ्रिकेत परतला. त्याच्या नावातले ‘बाँबे’ हे आपल्या मुंबईचेच नाव. स्पीक बंगालच्या सैन्यात नोकरी केलेला अधिकारी. ही दोघे एकमेकांशी बोलत ती हिंदुस्तानीत. म्हणजे नाईलच्या उगमाचा ‘इंग्रजी’ शोध आफ्रिकेच्या मध्यभागी हिंदुस्तानी भाषेतून विचारपूस करत करत लागला. तलावाकाठच्या लोकांपाशी तलावाची स्वतःची नावे होतीच. बाँबेला पुढे लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने पदक आणि निवृत्तिवेतन दिले, पण पाठ्यपुस्तकातल्या त्या एका ओळीत त्याला जागा मिळाली नाही.

याच प्रसंगाला जोडून नाशिकची आठवण काढायला हवी. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी मिशनऱ्यांनी नाशिकजवळ शरणपूर इथे आश्रयस्थान आणि शाळा चालवली होती. तिथे शिकलेला जेकब वेनराइट डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या मोहिमेत होता. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियातील एका खेड्यात मरण पावला. सुसी आणि चुमा यांच्या नेतृत्वाखाली त्याच्या आफ्रिकी सहकाऱ्यांनी त्याचे शव सुमारे हजार मैल वाहून किनाऱ्यावर आणले. मृत्यूच्या जागी झाडावर लेख कोरण्याचे आणि प्रार्थना वाचण्याचे काम वेनराइटने केले, कारण त्याला लिहितावाचता येत होते. त्या वाटचालीची रोजनिशीही त्याने लिहिली. पुढच्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांत नाशिकला शिकलेला हा तरुण होता. आफ्रिकेचा अंतर्भाग जगाला ‘दिसला’ त्यामागे अशा किती माणसांचे पाय होते!

आता आपल्या घरातले उदाहरण. अजिंठ्याच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात एका चित्रावर कोरलेले नाव आहे, जॉन स्मिथ. सोबत घोडदळाच्या तुकडीचा क्रमांक आणि तारीख, २८ एप्रिल १८१९. शिकारीला आलेल्या या इंग्रज अधिकाऱ्याने अजिंठ्याचा ‘शोध लावला’ असे प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. त्याला ती जागा स्थानिक गुराख्याच्या पोराने दाखवली, असेही परंपरेने सांगतात. वाघुर नदीच्या त्या वळणाजवळच्या एका गावाचे नाव लेणापूर आहे. ज्यांच्या शेजारी डोंगरात लेणी आहेत, त्यांना ती कोणी शोधून द्यावी लागत नाहीत. त्या पोराने जे केले ते सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत ‘डिस्कव्हर’ करणेच होते. त्याने झाकण काढून दाखवले. पण शतकांच्या ओघात क्रियापद त्याच्याकडून निघून साहेबाकडे गेले होते.

तरीही एका बाजूने बोलून भागणार नाही. गुराख्यांना गुंफा ठाऊक होत्या हे खरे, परंतु त्या कोणी, कधी आणि कशासाठी खोदल्या, भिंतींवरच्या चित्रांत कोणत्या कथा आहेत, हे त्या परिसरातही विस्मरणात गेले होते. १८१९ नंतर अभ्यासक येऊ लागले. जेम्स फर्ग्युसन यांनी १८४३ मध्ये आपला निबंध वाचला, नकला झाल्या, लेख वाचले गेले, जातककथांशी चित्रांची सांगड घातली गेली. हे ज्ञान नवे होते. त्यालाही शोधच म्हणावे लागेल. प्रश्न एवढाच, की ‘कोणालाच माहीत नव्हते’ आणि ‘आम्हाला माहीत नव्हते’ या दोन वाक्यांत आपण फरक करतो की नाही.

विज्ञानात तो फरक सहसा स्पष्ट असतो आणि तिथे या शब्दाची आणखी एक गंमत दिसते. प्राणवायूचा शोध कोणी लावला? स्वीडनमधील कार्ल शील याने तो १७७२ च्या सुमारासच वेगळा केला होता. पण त्याचे पुस्तक प्रसिद्ध व्हायला १७७७ उजाडले. तोवर इंग्लंडच्या जोसेफ प्रीस्टली यांनी १७७४ मध्ये तोच वायू मिळवून माहिती छापूनही टाकली. फ्रान्सच्या लाव्हाझिए यांनी त्याचा खरा अर्थ लावला आणि त्याला नाव दिले. शील मागे पडला, कारण त्याला सापडले होते, पण जगाला वेळेवर कळले नव्हते.

हेन्री कॅव्हेंडिश यांची गोष्ट याहून विलक्षण. हा अबोल इंग्रज शास्त्रज्ञ विजेवर प्रयोग करत राहिला आणि वह्या कपाटात ठेवत राहिला. त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी, १८७९ मध्ये, मॅक्सवेल यांनी त्या वह्या संपादित करून छापल्या. तेव्हा जगाला कळले, की कूलाँब आणि ओम यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांपर्यंत कॅव्हेंडिश त्या दोघांच्याही आधी पोचले होते. नियम मात्र कूलाँब आणि ओम यांच्याच नावाने राहिले. आपण म्हणतो, झाकली मूठ सव्वा लाखाची. विज्ञानात झाकलेल्या मुठीला किंमत नाही. नुसते सापडून तिथे भागत नाही. सापडलेले उघड करावे लागते. म्हणजे नव्या अर्थाच्या पोटात जुना अर्थ अजून जागा आहे.

जाता जाता आपल्या भाषेकडे पाहू. ‘शोध’ हा शब्द ‘शुध्‌’ या धातूपासून आला. शुद्ध, शोधन, संशोधन ही सारी त्याच कुळातली. माती आणि गाळ काढून टाकून निर्मळ वस्तू उरवणे, ही त्यामागची कल्पना. त्यात मालकीची भाषा नाही, कष्टाची आहे. दुसरा शब्द ‘आविष्कार’. संस्कृतात ‘आविस्‌’ म्हणजे उघड, डोळ्यांसमोर. आविष्कार म्हणजे प्रकट करणे. मराठीने हा अर्थ जपला. आपण कलाविष्कार म्हणतो, भावनांचा आविष्कार म्हणतो. हिंदीत मात्र त्याच आविष्काराचा अर्थ नवीन यंत्र वगैरे शोधून काढणे असा झाला. म्हणजे ‘डिस्कव्हर’ने जी वाट धरली तशीच वाट आपल्या शेजारच्या भाषेत या शब्दानेही धरली आणि मराठीत तो जुन्या घरीच राहिला.

पंडित नेहरूंनी अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात कैदेत असताना आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. तो १९४६ मध्ये प्रकाशित झाला. त्याच्या इंग्रजी नावातही ‘डिस्कव्हरी’ आहे. स्वतःच्याच देशाचा शोध कसा लावायचा, असे कोणी विचारू शकेल. पण इथे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. लिहिणारा स्वतः शोधतो आहे आणि सापडलेले वाचणाऱ्यापुढे उघड करतो आहे. त्याच्याबरोबर कैदेत असलेल्या विद्वान सहकाऱ्यांचे ऋणही तो प्रस्तावनेत मान्य करतो. या क्रियापदाचा इतका न्याय्य वापर क्वचितच झाला असेल.

पुढच्या वेळी अजिंठ्याला मुलांना घेऊन जाल आणि ते नाव पाहाल, तेव्हा त्यांना तारीख जरूर सांगा. त्याचबरोबर हेही सांगा, की साहेबाला वाट कोणीतरी दाखवली होती. त्या दाखवणाऱ्याचे नाव कुठल्याही खांबावर कोरलेले नाही. पण ‘डिस्कव्हर’ हा शब्द मुळात त्याचा होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)